आधी टायर दाखवा, मग सायकल

रॅड पॉवर बाइक्स ही अमेरिकेतल्या सिॲटलची कंपनी. 2020 मध्ये तिने रॅडवॅगन 4 नावाची मालवाहू ई-सायकल बाजारात आणली. मागे लांब कॅरिअर, त्यावर दोन मुलं बसवा नाहीतर आठवड्याचा किराणा लादा. युरोपातल्या अशा सायकलींच्या मानाने ती बरीच स्वस्त, त्यामुळे खपलीही भरपूर. तिच्या टायरचं माप मात्र 22 बाय 3 इंच. सायकल दुकानात 20 इंची टायर मिळतो, 24 चा मिळतो, 26 चा तर कुठेही मिळतो. 22 बाय 3 चा टायर कंपनीने खास स्वतःसाठी बनवून घेतला होता. 2022 मध्ये याच टायरच्या आणि रिमवरच्या पट्टीच्या दोषामुळे सुमारे 29 हजार सायकली परत बोलवाव्या लागल्या. पट्टी जागेवरून सरकायची आणि टायर वेळेआधी निकामी व्हायचा. मालकाने ठरवलं की बाहेरून दुसऱ्या चांगल्या कंपनीचा टायर घेऊन टाकू, तर त्या मापाचा टायर आणायचा कुठून? पुढे डिसेंबर 2025 मध्ये कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

मालवाहू ई-सायकल विकणारा मोटर किती वॅटची ते सांगतो, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते सांगतो, रंग दाखवतो. घेणारा तेवढंच विचारतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिला प्रश्न सुट्या भागांचा हवा, आणि उत्तर मिळालं नाही तर दुकानातून बाहेर पडावं. ज्या सायकलीचा टायर, बॅटरी आणि डिस्प्ले जगाच्या पाठीवर एकाच गोदामातून येतो, ती सायकल कामाची नाही. ती त्या गोदामाचं कुलूप उघडं आहे तोवरच चालते.

रविवारी टेकडीवर नेण्याच्या सायकलीचं ठीक आहे. महिनाभर भाग आला नाही तर ती गॅलरीत उभी राहील, कुणाचं पोट अडणार नाही. मालवाहू सायकलचं तसं नाही. तिच्यावर पाव जातात, पाण्याचे जार जातात, भाजी जाते, पार्सलं जातात, शाळेत मुलं जातात. चालवणारा धरून शंभर-दीडशे किलोचं ओझं ती रोज वाहते. म्हणून तिचे ब्रेक पॅड लवकर झिजतात, मागच्या चाकाच्या तारा तुटतात, चेन ताणते, डबल स्टँडची स्प्रिंग सैल होते. जास्त झिजणार आणि खोळंबा परवडणार नाही, अशी ही वस्तू. तिचेच भाग मिळायला सगळ्यात कठीण असावेत, हे मला मुळीच पटत नाही.

आपल्याकडची काळी सायकल बघा. ॲटलस सायकल कंपनी 1951 मध्ये सोनीपतला सुरू झाली. तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, तो जागतिक सायकल दिन होता. कामगारांसाठी तो फार वाईट दिवस. पण त्या दिवशी देशभरातल्या ॲटलसच्या मालकांपैकी एकाचीही सायकल अडली नाही. 28 बाय दीडचा टायर, कॉटर पिन, फ्रीव्हील, छर्रे, चिमटा, ब्रेकचे रबर, यातलं काहीही कुठल्याही कंपनीचं आणा, बसतं. मुंबईचा डबेवाला ज्या सायकलवर डबे लादतो तिचा फ्रीव्हील दादरला मिळतो आणि त्याच्या गावाकडे जुन्नरलाही मिळतो. लुधियानाच्या असंख्य छोट्या कारखान्यांनी एकाच मापाचे भाग वर्षानुवर्षं बनवले, म्हणून हे शक्य झालं. कंपनी मेली तरी सायकल जगली.

याच्या उलट व्हॅनमूफ. ही मालवाहू सायकल नव्हती, शहरात फिरण्याची देखणी ई-सायकल होती, पण धडा तोच. ॲमस्टरडॅमच्या या कंपनीचं दिवाळं जुलै 2023 मध्ये निघालं. तिच्या सायकलीचा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतःच्या घडणीचा, दुसरीकडे न मिळणारा. वर सायकल फोनवरच्या ॲपशी बांधलेली, आणि ॲपची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद पडला तर पैसे भरून घेतलेली सायकल मालकाला ओळखेल का, अशी धास्ती हजारो लोकांना लागली. काउबॉय या बेल्जियमच्या प्रतिस्पर्धी कंपनीने तेव्हा घाईघाईने एक छोटं ॲप काढलं, लोकांना आपापली किल्ली आपल्या फोनमध्ये उतरवून घेता यावी म्हणून. ऑगस्ट अखेरीस व्हॅनमूफला नवा मालक मिळाला आणि धोका टळला. पण प्रतिस्पर्ध्याच्या चांगुलपणावर ज्याची किल्ली अवलंबून, त्याला मालक म्हणायचं का?

आता नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही ते बघू. इथे जरा खोलात जाणं भाग आहे, कारण पैसे बुडतात ते याच तपशिलात.

सुरुवात टायरपासून. ‘20 इंची’ एवढं सांगून टायर घ्यायचा नाही. टायरच्या अंगावर एक दुहेरी आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ 55-406. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो त्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 20 इंची म्हणून विकले जाणारे टायर 406 चे असतात तसे 451 चेही असतात, आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. अनेक चांगल्या मालवाहू सायकलींना 406 चं चाक असतं. छोटं चाक मजबूत असतं आणि ओझं जमिनीजवळ राहतं. आनंदाची गोष्ट ही की आपल्याकडच्या लहान मुलांच्या 20 बाय 2.125 च्या सायकलीचा टायरही 406 चाच असतो. म्हणजे ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळते. टायर मात्र पोरांच्या सायकलीचा घालू नये, तो एवढ्या वजनासाठी बनलेला नसतो. श्वाल्बे कंपनीचा ‘पिक-अप’ हा खास मालवाहू सायकलींसाठीचा टायर या मापात येतो. तो महाग आहे, पण दीडशे किलोच्या ओझ्याखाली टायरवर काटकसर करू नये.

मग तारा. हब मोटर असलेल्या चाकात साध्या 14 गेजच्या तारा टिकत नाहीत, 13 किंवा 12 गेजच्या जाड तारा लागतात. छोटं चाक आणि मोठा हब, त्यामुळे त्या आखूडही असतात आणि तयार मापात सहसा मिळत नाहीत. चाकाचा आउट काढणारा जुना कारागीर तार कापून तिच्यावर आटे पाडून देतो. अशा कारागिराचा पत्ता जपून ठेवावा. ही विद्या शोरूममध्ये नाही, पेठेतल्या अंधाऱ्या दुकानात आहे. तिला आपण मान आणि मजुरी, दोन्ही कमी देतो.

ब्रेकचं तेल हा दुसरा घोळ. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो यांच्या हायड्रॉलिक ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, इतर काही ब्रेकना मोटारसायकलीसारखं डॉट ऑइल. एकाचं दुसऱ्यात घातलं की आतली रबरी सील फुगते आणि ब्रेक जातो. हे कुणी सांगत नाही. गॅरेजवाला हाताशी असलेला डबा उघडतो, कारण मोटारसायकलींच्या कामात त्याला तोच लागतो. पुढे पेटी असलेल्या किंवा मागे लांब कॅरिअर असलेल्या सायकलीची ब्रेकची नळी आणि गिअरची वायरही साध्या सायकलीपेक्षा लांब लागते. दुकानातली तयार वायर अपुरी पडते, दोघांनी चालवायच्या टँडम सायकलीची वायर मागावी लागते. मागे लांब कॅरिअर असलेल्या सायकलीला एक चेन सहसा पुरत नाही, दुसरी जोडावी लागते. हे सगळं सायकल नवी असतानाच आणून घरात ठेवावं.

मोटरकडे येतो. हबमधल्या गिअर मोटरच्या पोटात नायलॉनची दातेरी चाकं असतात. ओझं आणि चढ यांनी ती झिजतात, खरखर आवाज येतो. भाग छोटा आणि स्वस्त, बदलायला अवघडही नाही. पण तो मिळत नसेल तर दुकानदार पूर्ण चाकच बदला म्हणतो. बाफांग या चिनी कंपनीच्या मोटरी जगभर चालतात, त्यांचे हे भाग त्या मानाने सहज मिळतात. तिथेही एक खड्डा आहे. बाफांगच्या जुन्या मोटरी एका पद्धतीने डिस्प्लेशी बोलतात, त्याला यूआर्ट म्हणतात. नव्या मोटरी कॅन नावाच्या दुसऱ्या पद्धतीने बोलतात. डिस्प्ले दिसायला तसाच असू शकतो, नाव तेच असतं, पण जुन्याचा नव्याला चालत नाही. तेव्हा डिस्प्ले मागवण्याआधी मोटरवरचा आणि जुन्या डिस्प्लेच्या मागचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा. वायरींच्या टोकाचे पाणीरोधक कनेक्टर, फ्यूज, स्विच असलं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत शोधता येतं, कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. अट एकच, कंपनीने कनेक्टर सर्वसाधारण जातीचा वापरलेला असावा.

बॅटरीबद्दल बोलताना मी आवाज चढवणार आहे, कारण इथे जीव जातात.

36 व्होल्टच्या बॅटरीत दहा सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, 48 च्या बॅटरीत तेरा. प्रत्येक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्टला पोचतो. म्हणून 36 च्या बॅटरीचा चार्जर 42 व्होल्टचा असतो आणि 48 चा 54.6 चा. दोन्हीच्या पिना पुष्कळदा सारख्याच असतात. चुकून मोठा चार्जर छोट्या बॅटरीला लागला तर आतलं संरक्षक सर्किट एवढाच एक अडसर उरतो, आणि स्वस्त बॅटरीत त्याच्यावरच पैसे वाचवलेले असतात. चार्जर हरवला तर ‘बसतोय ना’ म्हणून दुसरा घेऊ नका. त्यावर छापलेला आकडा वाचा.

आता विचार करा. चार वर्षांनी बॅटरी दमली. कंपनी म्हणते, हे मॉडेल बंद केलं. किंवा बॅटरी आहे, पण किंमत सायकलीच्या निम्मी. रोज कमावून रोज खाणारा माणूस काय करेल? गल्लीत कुणीतरी जुन्या लॅपटॉपमधले सेल जोडून बॅटरी बांधून देतो, ती घेईल. न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते जगासमोर आहे. तिथे घरोघर जेवण पोचवणारे हजारो कामगार ई-सायकलींवर जगतात. प्रमाणित बॅटरी महाग, कामाचे तास लांब, म्हणून स्वस्त आणि बांधलेल्या बॅटऱ्यांचा बाजार तयार झाला. 2023 या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत त्या शहरात 18 माणसं मेली. शहराने त्याच वर्षी कायदे केले. प्रमाणित नसलेली ई-सायकल आणि बॅटरी विकायला बंदी आणि वापरलेल्या सेलपासून बॅटरी बांधायलाही बंदी. बंदी योग्यच होती. पण नुसत्या बंदीने गरीब माणसाच्या हातात सुरक्षित बॅटरी येत नाही, हे शहराच्याही लक्षात आलं आणि पुढे जुनी ई-सायकल देऊन प्रमाणित ई-सायकल घ्यायची योजना कामगारांसाठी काढावी लागली. सुट्या भागाचा दुष्काळ आणि आग यांचा संबंध इतका थेट आहे. बॅटरी परवडेल अशा भावात मिळत नाही, तेव्हाच धोकादायक बॅटरीला गिऱ्हाईक मिळतं.

ॲक्सेसरीजचं दुखणं तुलनेने सौम्य. मुलांची सीट, पावसाचं छत, बाजूच्या पिशव्या, पाय ठेवायच्या फळ्या हे कंपन्या सायकलीएवढ्याच तोऱ्यात विकतात. सीटसाठी एक शहाणी गोष्ट युरोपात घडली. येप नावाच्या डच सीटसाठी कॅरिअरमध्ये एक ठरावीक मापाची चौकट ठेवायची आणि सीट त्यात अडकवायची, ही सोय अनेक कंपन्यांनी उचलली. त्यामुळे एका सायकलीची सीट दुसरीवर जाते. छताचं तसं झालं नाही, ते ज्या त्या पेटीच्या मापाचंच असतं. पण आपल्याकडे रिक्षाचे हुड आणि सीट कव्हर शिवणारे कारागीर आहेत. रेक्झिनचं छत, ताडपत्रीची पिशवी, लोखंडी पट्टीचं कॅरिअर हे त्यांच्याकडून आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावं. ते बाहेरून मागवलेल्यापेक्षा स्वस्त पडतं, फाटलं तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी शिवून देतो.

एका कामाला मात्र वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नये. ॲल्युमिनियमची फ्रेम तडकली तर ती जोडून घेऊ नका. जोडाजवळचा धातू उष्णतेने मऊ पडतो आणि कारखान्यासारखी पुन्हा उष्णताप्रक्रिया केल्याशिवाय मूळची ताकद येत नाही. नेदरलँड्समध्ये बाबू या नावाजलेल्या कंपनीच्या पेटीच्या सायकलींच्या फ्रेम तुटू लागल्या, तेव्हा तिथल्या ग्राहक सुरक्षा यंत्रणेने फेब्रुवारी 2024 मध्ये विक्री थांबवायला लावली. त्या पेट्यांत लोकांची लहान मुलं बसत होती. फ्रेम हा काही सुटा भाग नाही, ती चुकली की सगळंच चुकलं. म्हणून सायकल घेताना फ्रेमची लेखी हमी किती वर्षांची, हे विचारलंच पाहिजे.

मग कायद्याने काय करायचं? युरोपीय संघाने केलं आहे. 2023 च्या त्यांच्या बॅटरी कायद्यानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून ई-सायकलसारख्या हलक्या वाहनाची बॅटरी, आणि बॅटरीतले सेलसुद्धा, कंपनीबाहेरच्या तंत्रज्ञाला काढून बदलता आले पाहिजेत. मॉडेलची शेवटची सायकल बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं ती बॅटरी सुटा भाग म्हणून वाजवी भावात मिळाली पाहिजे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम असं, की दुसरी जुळणारी बॅटरी बसवू नये म्हणून सॉफ्टवेअरचा अडथळा घालता येणार नाही. कंपन्या सुरक्षेचं कारण पुढे करतात. सुरक्षा हवीच. त्यासाठी बॅटरीची चाचणी घ्या, प्रमाणपत्र द्या. कुलूप लावून दुसऱ्याला दाराबाहेर ठेवणं म्हणजे सुरक्षा नव्हे.

आपल्याकडे 250 वॅटपर्यंतची, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि बॅटरी वगळता 60 किलोपर्यंत वजनाची ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. ही सवलत उत्तम आहे, ती राहिलीच पाहिजे. ती मिळण्यासाठी पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून सायकल तपासून घ्यावी लागते. नियमात शक्ती, वेग, वजन, ब्रेक आणि परावर्तक यांच्या अटी आहेत. तीन वर्षांनी बॅटरी मिळेल का, ही अट त्यात नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. जी कायद्याने मोटार वाहनच नाही ती मालवाहू ई-सायकल यात कुठे बसते? ती स्पष्ट नाव घेऊन घातली पाहिजे. दिल्लीने 2022 मध्ये पहिल्या पाच हजार मालवाहू ई-सायकलींना प्रत्येकी 15 हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं होतं. हेतू चांगलाच. महाराष्ट्रात उद्या असं अनुदान आलं तर त्याला तीन अटी जोडा. टायर आणि चाक सर्वसाधारण मापाचं, बॅटरी मॉडेल बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं ठरलेल्या भावात, आणि वायरींचा नकाशा कंपनीबाहेरच्या मेकॅनिकला मोफत. शिवाय कंपनी बंद पडलीच तर बॅटरीचं डिझाइन आणि सॉफ्टवेअर खुलं करण्याची हमी आधीच लिहून घ्यावी. जनतेचा पैसा घेणाऱ्याकडून एवढं मागणं मुळीच जास्त नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर ग्राहकाने दुकानात उभं राहून करायची गोष्ट आहे. पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा, या सायकलीचा एक टायर, ब्रेक पॅडची एक जोडी, एक डिस्प्ले आणि चार्जर आत्ता काढून काउंटरवर ठेवा, आणि बॅटरीची आजची किंमत बिलाच्या मागे लिहून सही करा. जो ठेवेल आणि लिहील, त्याच्याकडून घ्या.